मोठ्या आवाजाचा फिल्टर

काकू: चिमणे, तूच काहीतरी सांग बाई यांना. दोन दिवस घरात दुसरा विषय नाही. गाडीचा एअर फिल्टर बदलायचाय, तेवढं मला पटलं. पण यांना तो उघडा हवाय, भोंग्यासारखा. कॉलेजातली पोरं बसवतात तो.

सर: शंकूसारखा म्हण. भोंगा वेगळा.

काकू: आकार काही का असेना. गाडी कोपऱ्यावर आली की आपल्या खिडकीच्या काचा थरथरतात, तो!

चिमणी: सर, तुम्हाला हवाय? तुम्हाला स्वतःला?

सर: गाडी माझी आहे ना? मग मलाच. तुझ्या दुकानात आहे की नाही, एवढं सांग.

चिमणी: आहे. असेल. पण मला जरा स्टुलावर टेकू द्या. सर, मी तुमच्याकडे गाडी शिकत होते तेव्हा सिग्नलला अशीच एक गाडी आपल्या पुढे होती. तुम्ही काय म्हणालात आठवतंय? ‘त्या गाडीला पडसं झालंय, अंतर ठेव.’

सर: म्हणालो असेन. माणसाचं मत बदलतं.

काकू: आमच्या अख्ख्या संसारात एकदा बदललेलं मला आठवत नाही. पडद्यांचा रंगसुद्धा लग्नात होता तोच आहे.

चिमणी: बरं, आधी जुना फिल्टर आणलाय का काढून? दाखवा बघू.

काकू: हा घे. वर्तमानपत्रात गुंडाळला, तरी माझी पिशवी काळी केलीच त्याने.

चिमणी: अगं बाई! हा फिल्टर आहे की पायपुसणं? थांबा, उजेडाकडे धरते. पलीकडचं काही म्हणता काही दिसत नाही. घड्यांत पानं काय, पिसं काय... काकू, गाडी जंगलात ठेवता का?

काकू: लेकीकडे जायचा रस्ता खाणीवरून जातो ना. पुढे ट्रक असला की आम्ही पिठाच्या गिरणीतून बाहेर पडल्यासारखे दिसतो.

चिमणी: मग झालंच तर. धुळीचा रस्ता आणि जुनी गाडी. सर, कंपनीचा मूळ फिल्टर आता मिळत नाही, मॉडेलच बंद झालंय. पण बाहेरच्यांचे चांगले येतात. हा बघा, साधा कागदी. तुमच्या डब्यात बसणारा, चौकोनी. हा दुसरा पण कागदीच, फक्त घड्या जास्त आणि भोवतीची रबरी कड मऊ. तिसरा कापडी, तेल लावलेला. घाण झाला की धुवायचा, वाळवायचा, परत तेल लावायचं. आणि चौथा...

सर: चौथा दाखव.

चिमणी: कॉम्प्युटरवर बघते तुमच्या गाडीला कोणत्या मापाचा लागेल ते. गाडी कोणत्या साली घेतली सर? ... सर? ... साल कुठलं?

काकू: तू मान वर करून विचार गं.

चिमणी: सर! गाडी कोणत्या सालची?

सर: असं नीट विचार की. मुलगी कॉलेजला गेली त्या सालची.

काकू: तिला साल सांगा. आपल्या मुलीचा इतिहास काय कॉम्प्युटरमध्ये आहे?

सर: ते तू सांग, सालं तुझ्या लक्षात असतात. मी तिकडच्या मांडणीवर बघतो. तो लाल दिसतोय, तसलाच ना?

चिमणी: हो सर, त्या कोपऱ्यात सगळे. हात लावून बघा खुशाल. ... काकू, इकडे या जरा.

काकू: काय गं?

चिमणी: सरांना ऐकायला कमी येतं का हल्ली?

काकू: हळू बोल. नाही, हळू कशाला म्हणतेय मी, तिथे त्यांना काय कळणारेय! हो गं. दाराची बेल कळत नाही. टीव्ही असा लावतात की शेजारीण खिडकीतून मला मालिकेत पुढे काय होणार ते सांगते. आणि विचारलं तर म्हणतात, हल्लीची माणसं तोंडातल्या तोंडात बोलतात.

चिमणी: डॉक्टरला दाखवलं नाहीत?

काकू: नाव काढायची सोय नाही. कानाचा डॉक्टर म्हटलं की उठून बाल्कनीत जातात आणि झाडांना पाणी घालत बसतात. दोन झाडं कुजली त्यापायी.

चिमणी: आणि गाडी?

काकू: गाडी झोकात चालवतात. त्यात तसूभर फरक नाही. मी शेजारी बसलेली असते ना, मला कळलं असतं. गाडी म्हणजे त्यांचा जीव आहे बघ. आता तर काय, रविवारी नात येतेय.

चिमणी: ती झिपरी? केवढी झाली असेल!

काकू: लायसन्सच्या वयाची झाली! आईनं तिला तिथल्या चांगल्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घालून दिलं होतं. गेली नाही. म्हणाली, मी आजोबांकडेच शिकणार, आईला शिकवलं तसंच, टॉवेल टाकून. फोनवर हे यांनी ऐकलं ना, म्हणजे ऐकलं कसलं, मी त्यांना ओरडून सांगितलं, तर डोळ्यांत पाणी आलं गं त्यांच्या. आपली ड्रायव्हिंगची शाळा बंद केल्यापासून एवढे खूश झालेले मी पाहिले नव्हते. आणि दुसऱ्या दिवसापासून हे फिल्टरचं खूळ.

चिमणी: नातीला आवडावं म्हणून असेल.

काकू: मलाही तेच वाटतं. पण तिच्यासमोर हसू होईल. म्हातारा आणि गुरगुरणारी गाडी!

सर: हा. हा मला पसंत आहे. काय चाललंय दोघींचं?

काकू: काही नाही! तुमचं कौतुक!

सर: मग मोठ्याने करा, लपवायचं कशाला. चिमणी, हा बसव.

चिमणी: सर, एकदा माझं ऐका. दुकानदार म्हणून नाही, तुमची विद्यार्थिनी म्हणून. हा बॉनेटखालची गरम हवा ओढतो. कागदी फिल्टर अडवेल ती बारीक धूळ यातून इंजिनात जाऊ शकते. तुम्हाला खाणीचा रस्ता आहे. जुन्या इंजिनाच्या छातीवर कशाला ओझं? फायदा काय, तर आवाज.

सर: आवाज मोठा येतो ना नक्की?

चिमणी: येतो.

सर: साध्यापेक्षा पुष्कळ मोठा?

चिमणी: पुष्कळ. जोरात रेस दिली की समोरच्या शिंप्याची कात्री थांबते.

सर: मग तोच बसव. आधी तात्पुरता बसवून दाखव, मी ऐकून घेतो. पसंत पडला तर ठेवू.

काकू: म्हणजे ठरलंच. मी आपली कापूस शोधते कानांसाठी.

(दुकानाबाहेर, गाडीपाशी. बॉनेट उघडं. चिमणी वाकून फिल्टरचा डबा सोडवतेय; सर स्टुलावर, काकू उभ्या.)

चिमणी: या क्लिपा किती गंजल्यात. स्क्रूड्रायव्हर द्या काकू. तो नव्हे, चपटा. ... निघाला. आता ही नळी मोकळी, हिच्यावर शंकू सरकवायचा आणि वरून पट्टी आवळायची. सर, ऐकू... म्हणजे, दिसतंय ना तुम्हाला?

सर: दिसतंय. पट्टी तिरकी बसवू नकोस.

चिमणी: नाही बसवत. तुमच्यासमोर काही करायचं म्हणजे अजून परीक्षाच वाटते. पहिल्या दिवशी उशीवर बसले होते मी, आठवतंय? पुढचं दिसेना म्हणून. आणि तुम्ही डॅशबोर्डवर टॉवेल टाकलात. मला वाटलं ऊन लागतं म्हणून टाकला.

सर: सगळ्यांना तसंच वाटायचं.

चिमणी: मग म्हणालात, ‘काटे झाकले. वेग किती, फेऱ्या किती, काही बघायचं नाही. इंजिन ओरडायला लागलं की गिअर वर, कण्हायला लागलं की गिअर खाली. ते सांगेल, तू ऐक.’ मी घाबरून पहिल्याच गिअरमध्ये बाजारपेठ पार केली.

सर: गाडी ओरडत होती, तू रडत होतीस, मी एकटाच मजेत होतो.

काकू: मजेत कसले! घरी येऊन दोन गोळ्या घेतल्या होत्या डोकेदुखीच्या.

सर: पण तिसऱ्या आठवड्यात तिला कळलं. एकदम कळलं. चढावर, न सांगता, बरोबर त्या क्षणी हिने दुसरा टाकला. मी खिडकीबाहेर बघत बसलो.

चिमणी: मला वाटलं तुमचं लक्षच नव्हतं.

सर: लक्ष होतं म्हणूनच बाहेर बघत होतो. शिकवणाऱ्याचं काम संपलं की त्याने बाहेर बघावं.

चिमणी: झालं, बसला. आता मी आत बसून रेस देते. आणि एक काम करू या सर. फिल्टर बदलला की आवाजही बदलतो, तुम्हाला नव्याची ओळख करून घ्यावी लागेल. तुम्ही आमची घ्यायचात तीच परीक्षा आता तुम्ही द्या! गाडी उभीच, मी हळूहळू फेऱ्या वाढवत नेते. गिअर बदलायची वेळ आली की बोट वर करायचं. डोळे मिटून.

सर: याची काही गरज नाही. नुसतं सुरू कर.

काकू: करा ना! मलाही बघायचंय. सगळ्यांना दमात घेत होतात, आता आपली पाळी आली.

चिमणी: डोळे मिटा सर. आणि बॉनेटवरचा हात काढा. आम्हाला नाही ठेवू द्यायचात.

सर: ... काढला.

चिमणी: लबाडी नाही करायची. करते सुरू!

काकू: अगं बाई! केवढा हा! चिमणे, अख्खी गल्ली बाहेर आली! तो शिंपी बघ! हा फिल्टर आहे की... आता! बदल, बदल गं, ओरडतेय ती! हां. परत चढली. वर, वर... बदल आता! अहो, तुमचं बोट कुठेय? ... अहो. बोट वर करा ना. ... चिमणे, बंद कर जरा. बंद कर म्हणते ना.

चिमणी: केली काकू. केली बंद.

काकू: अहो.

चिमणी: सर?

सर: थांब. येतोय आता. वाढतोय. ... हां! आता. हे बघ बोट. बदल गिअर.

काकू: (खांदा हलवत) अहो, डोळे उघडा. गाडी बंद आहे. माझ्याकडे बघा.

सर: कधी केली बंद?

काकू: मघाशीच.

चिमणी: सर, माझं चुकलं. मी उगाच परीक्षा काढली. इंजिनही ऐकू येत नसेल हे मला खरंच माहीत नव्हतं.

सर: तुझं काय चुकलं? परीक्षा चांगली आहे. माझीच आहे ती. ... पाणी आहे का गं?

चिमणी: आणते. तुम्ही बसा दोघं. काकू, तुम्ही या स्टुलावर टेका.

काकू: कधीपासून?

सर: काय?

काकू: इंजिन! इंजिनाचा आवाज कधीपासून येत नाही?

सर: ओरडू नकोस, समोर आहेस तोवर कळतं मला. निम्मं ओठांवरून कळतं, निम्मं सवयीने. ... गेल्या उन्हाळ्यापासून कमी होत गेला. आधी वाटलं, गाडीच सुधारली. इंजिन काय गुळगुळीत झालंय म्हणून मी मेकॅनिकला पेढ्यांचा पुडा नेऊन दिला. तोही बिचारा खूश! मग एक दिवस सिग्नलला सुरू असलेल्या गाडीला मी परत किल्ली मारली. करकरली असणार. मागच्या माणसाने तोंड वेडंवाकडं केलं त्यावरून कळलं.

काकू: मी शेजारी नव्हते?

सर: तू भाजी घ्यायला उतरली होतीस.

काकू: आणि मग चालवता कशी? मला काही म्हणता काही कळू दिलं नाहीत.

सर: हाताला कळतं. गिअरची दांडी थरथरते, ती सांगते. पायाखालचा पत्रा सांगतो. आणि... जाऊ दे.

काकू: आणि काय?

सर: काट्याकडे बघतो.

चिमणी: पाणी घ्या सर. ... काट्याकडे? तुम्ही?

सर: मी. निम्म्या शहराला शिकवलं, कुणालाही मान खाली घालून काटे बघू दिले नाहीत, आणि आता मी स्वतः काट्याकडे बघून गिअर टाकतो. हिचा डोळा लागला की सारखा बघतो. जागी असली की चोरून.

काकू: म्हणून भोंगा हवा होता.

सर: शंकू. हो. नात टॉवेल टाकून शिकवा म्हणते. तू विचार कर. टॉवेल टाकला की काटा तिचाही झाकला आणि माझाही. गिअरच्या दांडीवर हात तिचा. पाय तिचे. मग माझ्याकडे उरलं काय? मी शेजारी नुसता बसून राहणार. ती चुकली तर मला कळणार नाही. बरोबर केलं तर तेही कळणार नाही. वाटलं, आवाज मोठा केला तर महिनाभर भागेल. तिचं शिकणं होईल. मग विकतो म्हटलं गाडी.

काकू: विकतो! वा! आणि हे सगळं एकट्याने ठरवलंत, झाडांना पाणी घालता घालता?

सर: तुला सांगितलं असतं तर किल्ल्या लपवल्या असत्यास.

काकू: लपवल्याच असत्या! दोन दिवस लपवल्या असत्या. मग तुमचं तोंड बघून परत दिल्या असत्या आणि हात धरून डॉक्टरकडे नेलं असतं. पण मला कळलं तर असतं हो! घाटातून येताना शेजारी पाय पसरून झोपत होते मी. तुम्ही एकटेच त्या काट्याकडे बघत... किती घाबरला असाल. मला उठवायचं ना.

सर: तू दमलेली असायचीस.

काकू: मेलं दमणं. ... रुमाल द्या इकडे. हा नको, फिल्टर पुसलाय तुम्ही त्याने.

चिमणी: काकू, मी मध्ये बोलू का? मघाशी मी रेस देत होते तेव्हा तुम्ही दोनदा ‘बदल’ म्हणून ओरडलात.

काकू: ओरडले असेन. एवढा गोंगाट!

चिमणी: गोंगाटाने नाही. दोन्ही वेळेला बरोब्बर त्या जागी ओरडलात. मी आतून काट्याकडे बघत होते ना. सरांनी सुद्धा तिथेच बोट वर केलं असतं, पूर्वीच्या सरांनी.

काकू: मला काय त्यातलं कळतंय! मी कधी स्टिअरिंगला हात लावलाय?

चिमणी: पण किती वर्षं बसलात तुम्ही त्या गाडीत!

काकू: ते आपलं बायका शिकायच्या म्हणून. सुरुवातीला कुणाची सासू सोडायची नाही, कुणाचे वडील. परक्या माणसाबरोबर एकटी कशी पाठवायची? मग यांनी पाटी लावली, ‘गाडीत सौ. सोबत असतील.’ मला न विचारता! मग काय, प्रत्येकीच्या मागच्या सीटवर मी. स्वेटर विणत.

चिमणी: माझ्याही मागे होतात. हिरवा होता स्वेटर.

काकू: तेवढ्या सगळ्यांच्या गाड्यांचं ओरडणं ऐकून ऐकून कुणालाही कळेल.

सर: काय म्हणतेय ती? नीट माझ्याकडे बघून सांगा.

चिमणी: सर, इकडे बघा. काकूंना इंजिन कळतं! परत घेऊ परीक्षा? या वेळी काकूंची. काकू, डोळे मिटा. सर, तुम्ही आत माझ्या शेजारी बसा आणि काट्याकडे बघा. उघड बघा, चोरून नको.

काकू: काहीतरीच काय गं! रस्त्यावर सगळे बघतायत.

सर: मीट डोळे.

काकू: बघा, लगेच मास्तर झाले. मिटले बाई.

चिमणी: करतेय सुरू!

काकू: ... अजून नाही. ... अजून नाही. ... आता! ... हां, उतरली. चढतेय परत. घाई करू नकोस, चढू दे तिला. ... आता! ... हे काय, कण्हतेय की! खाली टाक, खालचा! उगाच मला फसवू नकोस, चिमणे.

चिमणी: बंद केली. सर, बघितलंत?

सर: बघितलं.

काकू: उघडू का डोळे? काय झालं? नापास का?

सर: इतकी वर्षं. एवढ्या जणांना घसा कोरडा करून शिकवलं, आणि सगळ्यांत चांगला कान मागच्या सीटवर बसून टाके मोजत होता. मी कधी मागे वळून बघितलं नाही गं.

काकू: पुढे बघून चालवायची असते ना गाडी. बरंच केलंत.

चिमणी: मग रविवारी काकू मागे बसतील. टॉवेल टाका बिनधास्त. ‘आता’ म्हणायचं काम काकूंचं, बाकी शिकवायचं काम तुमचं.

सर: बाकी राहिलं काय?

काकू: काय राहिलं म्हणजे? क्लच कसा सोडायचा ते मी शिकवू? चढावर गाडी मागे सरकली की मी शिकवू? मी तर किंचाळून दार उघडेन. पोरगी चुकली, घाबरली, रडकुंडीला आली की शेजारी शांत बसून राहायचं, हे तुमच्याशिवाय कुणाला जमतं? आपली लेक भिंतीला घासली तेव्हा तुम्ही काय म्हणालात, सांगा हिला.

सर: काय म्हणालो? ‘भिंत कुठे आहे ते आता तुला कायमचं कळलं’, म्हणालो.

काकू: हे मला सुचलं असतं? मी तिला आधी भिंत आणि मग रंगाऱ्याकडचं बिल दाखवलं असतं.

चिमणी: मी पण तुमच्या कानावर नाही शिकले सर. तुम्ही खिडकीबाहेर बघत बसलात ना, त्यावर शिकले.

काकू: आणि सोमवारी कानाचा डॉक्टर.

सर: बघू.

काकू: बघू नाही. तुम्हाला चष्मा लागला तेव्हा मी रडले होते का? लावला, बरे दिसलात. यंत्र लागलं तर तेही लावायचं. डॉक्टर गाडी चालवू नका म्हणाला, तर किल्ल्या मी लपवणार आणि आपण दोघं बसने हिंडणार. मला खिडकीची जागा द्यायची.

सर: आणि त्याआधी? रविवारी?

काकू: रविवारी शाळेच्या मागचं मोकळं मैदान. रस्त्यावर नाही. मंजूर?

सर: मंजूर. ... चिमणी, काढ तो शंकू.

चिमणी: जीव भांड्यात पडला माझा. विकलेला माल परत आल्याचा एवढा आनंद मला कधी झाला नव्हता. मग कुठला देऊ? कागदी की कापडी?

सर: सगळे इकडे आण. ... हा कापडी नको. तेल कमीजास्त झालं की कटकट, आणि धुवायचं राहून जातं. हा पहिला... याची कड दाबून बघ. टणक आहे. डबा आमचा जुना, थोडा वाकलाय. टणक कड असली की फट राहणार आणि धूळ बाजूने आत शिरणार. हा दुसरा. हात लाव. मऊ आहे ना? दाबली की परत वर येते. ही वाकड्या डब्यालाही धरून बसेल. घड्याही एकसारख्या आहेत, कुठे चिकटल्या नाहीत. हाच दे.

चिमणी: मीही हाच देणार होते सर.

सर: मग आधी बोलली का नाहीस?

काकू: बोलली होती हो! तुमचा जीव त्या लाल भोंग्यात होता.

चिमणी: बसवला. क्लिपा लावल्या. सुरू करून बघा. ... कशी वाटते, काकू?

काकू: पोट भरून जेवलेल्या माणसासारखी. शांत.

सर: चला, निघू. तू मागे बस.

काकू: आत्तापासून? नात रविवारी येणारेय.

सर: मला सवय करायचीय. आणि दोन चौक तर आहेत घरापर्यंत. हळू जाऊ.

काकू: बसले. डाव्या बाजूला बसले, त्या कानाला थोडं बरं आहे ना? पट्टा लावला. ऐकू येतंय का मी बोलतेय ते?

सर: थांब, आरसा जरा खाली करतो. ... हां. आता दिसतेस. बोल.

काकू: म्हटलं, मी नुसतं ‘आता’ म्हणून भागायचं नाही. चालत्या गाडीत तुम्ही आरशात माझं तोंड बघत बसाल आणि समोरच्या खांबाला भेटाल. त्यापेक्षा मी खांद्यावर हात ठेवते. वेळ आली की दाबते.

सर: आणि नातीने विचारलं, आजी मागे कशाला, तर?

काकू: सांगा, हवा खायला आलीय.

सर: नाही. खरं ते सांगणार. आजोबांना इंजिन ऐकू येत नाही, आजीला येतं, म्हणून तुला दोन मास्तर.

काकू: सांगाल? स्वतःच्या तोंडाने?

सर: मीच सांगेन. तू मध्ये बोलू नकोस.

चिमणी: सर, रस्ता मोकळा आहे, या बाहेर! काकू, रविवारी झिपरीला इकडे आणा! गाडी चालवत आणा!

काकू: आणते गं! ... चला, निघाली. पहिल्यात आहे. ... चढतेय.

सर: दाबलास खांदा. कळलं, दुसरा टाकला. ... हात का काढलास? पुढे तिसरा आहे, चौथा आहे. राहू दे तिथेच.